विझकाया : आराखडा इटलीचा, दगड फ्लोरिडाचा

मायामी शहरात बिस्केन उपसागराच्या काठावर ‘विझकाया’ नावाची एक भव्य वास्तू उभी आहे आणि तिच्यासमोर, थेट पाण्यात, दगडाने बांधलेले एक जहाज आहे. हे जहाज केवळ शोभेचे नाही. उपसागरातून येणाऱ्या लाटांचा जोर ते मोडते. त्यावरील मूर्ती अलेक्झांडर स्टर्लिंग कॅल्डर या शिल्पकाराच्या आहेत. मात्र शंभर वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने त्यांचे नाक-डोळे इतके झिजवले आहेत, की काही ठिकाणी मूळ आकार कोणता होता हे शोधावे लागते. इटलीच्या धर्तीवर उभारलेल्या या वास्तूची खरी कहाणी मला या झिजलेल्या चेहऱ्यांत दिसते, कारण आराखडा दूर देशातून आणता येतो, पण दगड, पाणी आणि ऊन त्या जागेचेच असतात.

ही वास्तू उभारणारे जेम्स डिअरिंग (१८५९–१९२५) शेतीची यंत्रे बनवणाऱ्या ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ कंपनीचे उपाध्यक्ष होते. अन्नातील ब-१२ जीवनसत्त्व शरीरात शोषले न गेल्यामुळे होणारा पर्निशस ॲनिमिया हा रक्तक्षयाचा प्रकार त्यांना जडला होता, आणि त्या काळी त्यावर औषध नसल्याने डॉक्टरांनी उबदार हवेत राहण्याचा सल्ला दिला होता. यकृत खायला दिल्याने हे रुग्ण सुधारतात, हे मायनॉट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. डिअरिंग त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते.

बांधकाम १९१४ मध्ये सुरू झाले आणि १९१६ च्या नाताळात डिअरिंग येथे राहायला आले. स्थापत्य एफ. बरल हॉफमन यांचे, उद्यानाची रचना डिएगो सुआरेझ यांची आणि एकूण कलादृष्टी पॉल चॅल्फिन यांची होती. दर्शनी बाजूसाठी उत्तर इटलीतील बासानो देल ग्राप्पा येथील व्हिला रेझोनिको हा जुना वाडा डोळ्यांसमोर होता. चारशे वर्षे एकाच घराण्याच्या पिढ्या येथे नांदल्या आणि प्रत्येकीने आपापल्या आवडीची भर घातली, असा भास निर्माण करण्याचा चॅल्फिन यांचा हेतू होता. प्रत्यक्षात भिंतींच्या आत आरसीसीचा सांगाडा, लिफ्ट, टेलिफोन आणि शीतगृह अशा त्या काळच्या अगदी नव्या सोयी होत्या. मायामीची वस्ती तेव्हा जेमतेम दहा हजार होती आणि या कामावर सुमारे एक हजार माणसे राबत होती. त्यांतील अनेक जण बहामा बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय कारागीर होते. त्यांच्या बेटांवरही मायामीसारखाच चुनखडक असल्यामुळे तो कसा तोडावा आणि कसा रचावा, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. वंशभेदाच्या त्या काळात या कौशल्याचे श्रेय त्यांना मिळाले नाही, याची नोंद प्रत्येक वर्णनात व्हायला हवी.

हा चुनखडक तयार झाला सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी. दोन हिमयुगांमधील त्या उबदार काळात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सहा मीटरहून अधिक उंच होती आणि आजचे मायामी उथळ, कोमट पाण्याखाली होते. लाटांबरोबर पुढेमागे घरंगळणाऱ्या बारीक कणांभोवती कॅल्शियम कार्बोनेटची पुटे चढत गेली आणि माशाच्या अंड्यांसारखे गोल दाणे तयार झाले. हे दाणे एकमेकांना चिकटून जो खडक झाला, त्याला ऊलाइटी चुनखडक म्हणतात. फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील बेटांवर त्याच काळातील प्रवाळांचे सांगाडे दगड होऊन राहिले आहेत. हे दोन्ही दगड कोकणातल्या जांभ्याप्रमाणे सच्छिद्र असतात, ताजे असताना सहज कापले जातात आणि उघड्या हवेत त्यांचा पृष्ठभाग टणक होतो.

त्यांचा हाच गुण पुढे घातक ठरतो. दगडाच्या छिद्रांत खारे पाणी शिरते, उन्हात ते उडून जाते आणि मागे उरलेल्या मिठाचे स्फटिक वाढताना छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात. पुन्हा ओल येते, मीठ विरघळते, पुन्हा सुकते, आणि असे होता होता पृष्ठभागाचा कण न् कण सुटू लागतो. व्हेनिसच्या बांधकाम करणाऱ्यांनी म्हणूनच पाण्यालगतच्या थरांसाठी समुद्रापलीकडच्या इस्ट्रिया द्वीपकल्पाचा घट्ट, कमी छिद्रांचा चुनखडक वापरला. विझकायाच्या जहाजाने व्हेनिसचा थाट घेतला, पण त्याच्या मूर्तींना तो दगड मिळाला नाही.

उन्हाचा प्रश्न मात्र सुआरेझ यांनी वेळीच ओळखला. फ्लोरेन्सजवळच्या व्हिला ला पिएत्रा येथे बागकामाचे धडे घेतलेल्या या तरुणाने दक्षिणेकडे उतरत जाणारी, शेवटी तळ्यापर्यंत दृष्टी नेणारी बाग योजली होती. गच्चीवर उभे राहिल्यावर त्यांच्या लक्षात आले, की तळ्यावरून परतणाऱ्या प्रकाशाने डोळे दिपतात. हलत्या पाण्यावरची प्रत्येक लहान लाट वेगळ्या कोनात झुकलेला आरसाच असते; त्यामुळे सूर्याचे एकच प्रतिबिंब न दिसता चकाकीचा रुंद पट्टा तयार होतो. सुआरेझ यांनी मग मध्येच मातीची टेकडी उभारली, तिच्यावर झाडे आणि एक छोटी बागवास्तू योजली आणि दोन्ही बाजूंनी पंख्यासारख्या फाकत जाणाऱ्या वाटा काढल्या. आज पाहणाऱ्याला जी निव्वळ शोभेची रचना वाटते, तिचा उगम प्रकाशाच्या परावर्तनात आहे, आणि मला तरी हाच तिथला सर्वांत देखणा विचार वाटतो.

घराच्या मध्यभागी चौक आहे, आपल्या वाड्यांत असतो तसा. मुळात तो आकाशाला उघडा होता. उपसागरावरचा वारा त्यातून खेळत असे. पण तोच दमट, खारट वारा जुने लाकूडकाम, कापड आणि चित्रे यांची हानी करत होता. वास्तू काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, १९५२ मध्ये घेतली, पुढच्या वर्षी ती संग्रहालय म्हणून खुली झाली, आणि १९८०च्या दशकात चौकावर काचेचे छत घालून आत वातानुकूलन आले. संग्रह त्यामुळे वाचला. वाऱ्याचा मार्ग मात्र बंद झाला.

पाण्याला असे बंद करता येत नाही. सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळाने बागेची मोठी नासधूस केली, आणि २०१७ मध्ये ‘अर्मा’ वादळाच्या वेळी तळघरातील उपाहारगृह पाण्याखाली गेले. समुद्रकाठी भिंत बांधली तरी येथे ती अपुरी पडते, कारण जमिनीखालचा खडक तोच सच्छिद्र चुनखडक आहे आणि समुद्राची पातळी वाढली की खारे पाणी भिंतीच्या खालून, छिद्राछिद्रांतून वर येते.