अकरावीत विषयनिवडीचा अर्ज नेमका कुठे अडतो

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत असले, तरी नागपूर शहराला ही पद्धत त्याआधीपासून परिचित आहे. असे असूनही विषय बदलून मिळावा म्हणून महाविद्यालयाच्या खिडकीपासून शिक्षण उपसंचालक कार्यालयापर्यंत खेटे घालणारे पालक दरवर्षी दिसतात, आणि ‘विषय तर आम्ही ऑनलाइन भरला होता’ हे त्यांचे ठरलेले वाक्य असते. वस्तुतः ऑनलाइन अर्जाच्या पहिल्या भागात वैयक्तिक माहिती जाते आणि दुसऱ्या भागात एक ते दहा पसंतीक्रम द्यायचे असतात. हे पसंतीक्रम महाविद्यालयाचे आणि शाखेचे असतात, विषयांचे नव्हे. जीवशास्त्र की गणित, मराठी की माहिती तंत्रज्ञान, हे ठरते ते प्रवेश निश्चित करताना महाविद्यालय जो विषयनिवडीचा अर्ज भरून घेते त्यावर.

हा कागद बहुतेक वेळा खिडकीपुढे उभ्याउभ्या, मागच्या रांगेची घाई सोसत भरला जातो. त्यात ‘बारावीत बदलून घेऊ ना जी’ असे म्हणणारा कोणीतरी जवळच उभा असतो. त्याचे मुळीच ऐकू नये. अकरावी ज्या विषयांनी उत्तीर्ण व्हावी, त्याच विषयांचे आवेदनपत्र बारावीला मंडळाकडे जाते. शिवाय प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विषय शिकवला जात नाही, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यावर तेथे प्रवेश न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांचे दार बंद होते. म्हणून हवा असलेला विषय तेथे आहे का, याची चौकशी पसंतीक्रम भरण्यापूर्वी प्रत्यक्ष जाऊन करावी.

सर्वाधिक नुकसान विज्ञान शाखेत द्विलक्ष्यी (बायफोकल) विषयाच्या आकर्षणापायी होते. बारावीचे ६०० गुण असे विभागलेले असतात : इंग्रजी अनिवार्य, त्यानंतर दुसरी भाषा किंवा तिच्याऐवजी चालणारा विषय, आणि चार वैकल्पिक विषय. संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा द्विलक्ष्यी विषय एकटा २०० गुणांचा असतो, आणि तो दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय अशा दोन जागा अडवतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र ठेवल्यावर गणित व जीवशास्त्र यांपैकी एकासाठीच जागा उरते, आणि संगणकशास्त्राकडे वळणारे विद्यार्थी साधारणपणे गणित ठेवतात. प्रात्यक्षिकांमुळे या विषयात गुण चांगले मिळतात हे खरे. परंतु वर्षभराने नीटची इच्छा झाली, तर गुणपत्रिकेत जीवशास्त्रच नसते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटसाठी पात्र मानले. हा दिलासा आहे, पण त्यासाठी आणखी एक परीक्षा द्यावी लागते. निर्णय पक्का नसेल, तर द्विलक्ष्यी न घेता चारही विज्ञान विषय ठेवणे सुरक्षित. राज्याच्या एमएचटी-सीईटी प्रवेशपरीक्षेचे गणिताचा आणि जीवशास्त्राचा असे दोन्ही गट त्यामुळे खुले राहतात.

नागपुरात यात ‘टाय-अप’ची, म्हणजे वर्गात न बसता केवळ नावापुरता प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयाशी शिकवणीवर्गाने केलेल्या संगनमताची, भर पडते. शिकवणी शहरात, महाविद्यालयाचे नाव शहराबाहेरचे, आणि विषयांच्या चौकटींत खुणा शिकवणीवाल्यांनीच आधी करून ठेवलेल्या, असा अर्ज समोर येतो आणि पालक केवळ स्वाक्षरी करतात. विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा शासननिर्णय २०१८ मध्ये निघाला. तरी हा व्यवहार थांबला नाही, आणि कार्यालयांना तो दिसत नाही असे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. निदान स्वाक्षरीपूर्वी दुसरी भाषा कोणती लावली आहे, एवढे तरी वाचावे.

वाणिज्य शाखेत प्रश्न छोटा, पण हमखास चुकणारा आहे : चिटणीसाची कार्यपद्धती घ्यावी की गणित? पहिला विषय सोपा म्हणून गणित सोडणाऱ्यांना दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्ससारख्या अभ्यासक्रमांत पुढे प्रवेश मिळत नाही, कारण तेथे बारावीचे गणित लागते. कला शाखेत निवड मोकळी असते. पाली घ्यायची असल्यास ती शिकवणारे महाविद्यालय आधी शोधावे लागते, इतकेच.

कागदपत्रांत दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला नेहमीचेच. दाखल्याची मूळ प्रत महाविद्यालयात जमा होते, म्हणून साक्षांकित प्रती आधीच काढाव्यात. राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो. इतर मागासवर्गीयांना त्याखेरीज नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रही लागते, अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर सुरू होतात, त्यामुळे ‘गेल्याच वर्षी काढले’ असे सांगणाऱ्याचे प्रमाणपत्र अनेकदा बाद असते. त्यावर किती सालच्या ३१ मार्चपर्यंतची मुदत छापली आहे ते आजच पाहावे, कारण निकालानंतर सेतू केंद्रावर उसळणारी गर्दी कोणाचीही अडचण पाहून ओसरत नाही. छिंदवाडा किंवा बालाघाटकडून मध्य प्रदेश मंडळाची दहावी करून येणाऱ्यांकडे स्थलांतर प्रमाणपत्र बहुधा नसते. ते जुन्या मंडळाकडून आणावे लागते आणि त्याला वेळ लागतो.

विषय चुकलाच, तर तोंडी विनंती करत बसू नये. पहिल्या काही आठवड्यांतच प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, त्यावर पालकांची स्वाक्षरी असावी आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. हव्या त्या विषयात जागा रिकामी असेपर्यंतच हा अर्ज कामाचा असतो. बारावीच्या आवेदनपत्रानंतर महाविद्यालय पडताळणीसाठी प्री-लिस्ट दाखवते. तीत नावाच्या स्पेलिंगइतकेच विषयांचे सांकेतिक क्रमांकही तपासावेत. विज्ञान व कला शाखेच्या गणिताचा क्रमांक ४० आहे, वाणिज्य शाखेच्या गणिताचा ८८, आणि जीवशास्त्राचा ५६. क्रमांक चुकलेला आढळला, तर दुरुस्ती महाविद्यालयामार्फत मंडळाकडे पाठवावी लागते, आणि ती प्री-लिस्टवर स्वाक्षरी करण्यापूर्वीच सांगावी.