खरेदीखत आणि निर्वेध मालकी (नाशिक)

खरेदीखत म्हणजे किंमत घेऊन स्थावर मिळकतीची मालकी दुसऱ्याकडे सोपवणारा नोंदणीकृत दस्त. मिळकतीवर गहाण, कुळ, वारसाहक्क, कोर्टातला दावा असा कोणताही बोजा नसेल तर मालकी निर्वेध म्हटली जाते. व्यवहारात या दोन गोष्टी सर्रास एकच समजल्या जातात आणि खरेदीदार फसतो तो बहुधा इथेच.

नोंदणी अधिनियम, 1908 नुसार 100 रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत नोंदवणे सक्तीचे आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांत ते दुय्यम निबंधकापुढे हजर करावे लागते. निबंधक पक्षकारांची ओळख आणि मुद्रांक शुल्क पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याचा निवाडा तो करत नाही. सातबाऱ्याचेही तसेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, पण महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार स्पष्ट केले आहे.

हमी देतो तो विकणारा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 55 त्याला मालकीतले ठाऊक असलेले दोष सांगायला लावते. करारात वेगळे ठरले नसेल, तर विकण्याचा अधिकार आपल्याला आहे असे वचन त्याने दिलेच आहे, असे कायदा धरतो. दस्तात हेच ‘कोणाची हरकत निघाल्यास लिहून देणार ती स्वखर्चाने दूर करतील, लिहून घेणार यांना तोशीस लागू देणार नाहीत’ अशा धाटणीने येते (लिहून देणार म्हणजे विकणारा, लिहून घेणार म्हणजे खरेदीदार). हमीचे हे कलम दस्तात असलेच पाहिजे. मात्र पैसे घेऊन विकणारा हात वर करून बसला, तर भरपाईसाठी वर्षानुवर्षे कोर्टात जावे लागते.

म्हणून शोध आधी. वकील साधारणपणे मागच्या 30 वर्षांचे दस्त आणि सूची क्रमांक 2 (निबंधक कार्यालयातली नोंदलेल्या दस्तांची सूची) तपासून सर्च रिपोर्ट देतात आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतात. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना आणि गाव नमुना 6 मधले जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, स्वतः वाचावेत. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी इथले अनेक प्लॉट शेतजमिनींतून पडले, आणि तिथे वारसनोंदी हा सर्वांत नाजूक भाग आहे. वडिलांच्या पश्चात फक्त भावांची नावे लागली, बहिणींचे हक्कसोडपत्र नोंदवलेच नाही, असे फेरफार आढळतात. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची मुलाइतकीच हिस्सेदार झाली. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी तिचा हा हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवले. तेव्हा भावांच्या सह्यांवर थांबू नये. बहिणींची संमती दस्तातच घेतलेली बरी.

काही जमिनींची मालकी शुद्ध असूनही विक्रीला परवानगी लागते. भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन, तसेच पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी तालुक्यांतल्या आदिवासींच्या जमिनी यांत येतात. आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे होणाऱ्या हस्तांतरावर संहितेच्या कलम 36अ चे बंधन आहे. देवस्थान इनामाच्या, म्हणजे देवस्थानाला इनाम दिलेल्या जमिनीपासून तर दूरच राहावे. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतले भूखंड भाडेपट्ट्याचे असतात, त्यामुळे तिथे विकत मिळतो तो उरलेल्या मुदतीचा हक्क, तोही औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) संमतीने.

फ्लॅटच्या खरेदीदाराला थोडे अधिक संरक्षण आहे. 2016 च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यानुसार साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जमिनीच्या मालकीत दोष निघून नुकसान झाल्यास त्याने भरपाई द्यायची असते आणि कलम 18 प्रमाणे या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही.