यजमान वनस्पती : कीटकांची निवड व अनुकूलन (खानदेश)

वनस्पतीभक्षी कीटकाची अळी ज्या झाडावर वाढते, ती त्याची यजमान वनस्पती. निवड बहुधा मादी करते, कारण नुकती फुटलेली अळी लांब जाऊ शकत नाही. मादी वासावरून झाड हेरते आणि पानावर उतरून पायांनी चव घेते. लिंबाच्या बागेत हे सहज दिसते : लिंबावरचे फुलपाखरू कोवळ्या पालवीवर पुढचे पाय टपटप आपटते, पोट वाकवते, एक पिवळसर अंडे चिकटवते आणि उडते. मोसंबी, बेल, कढीपत्ता एकाच कुळातले, म्हणून या मादीला चालतात. शेजारच्या केळीकडे ती वळत नाही.

झाडही स्वतःला जपते. कपाशीच्या पानाबोंडांवरच्या काळसर ठिपक्यांत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. ते पचवणाऱ्या अळ्या जगतात, त्यांचीच संतती वाढते. पिढ्यान्‌पिढ्या चाललेले अनुकूलन ते हेच.

हे किती वेगाने होते, ते कीटकाकडे दुसरे कोणते खाद्य आहे यावर बरेच ठरते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कपाशीत याचा पुरावा आहे. हिरवी बोंडअळी बहुभक्षी : तूर, हरभरा, टोमॅटो, सगळे चालते. बीटीचे (कपाशीत घातलेल्या जिवाणूच्या जनुकाने तयार होणारे, अळी मारणारे) विष न चाखलेले तिचे पतंग या पिकांतून येत राहतात आणि विषाला न जुमानणाऱ्या प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होतो, म्हणून प्रतिकार पसरायला वेळ लागतो. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. भेंडी, अंबाडी नावापुरती. बीटी कपाशी २००२ मध्ये आली, दोन विषांच्या जनुकांची २००६ मध्ये. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर या कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळ्या निघाल्या. विष न चाखलेले पतंग मिळावेत म्हणून बांधावर बिगरबीटीच्या ओळी लावायच्या होत्या, पण त्या फार थोड्यांनी लावल्या. त्यात आपल्याकडचे वाण संकरित; एकाच बोंडातल्या काही सरक्यांत एखादे विष नसते, म्हणून अळीला सौम्य मात्रेवर तग धरता येतो. फरदडीने (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेल्या कपाशीने) तिला उन्हाळ्यापर्यंत खाद्य पुरवले. तिला मोडायचे तर फरदड आधी सोडावी लागते.

डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत : अळी जोडसरकीत (चिकटलेल्या दोन सरक्यांत) सुप्तावस्थेत राहते. मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या कपाशीला लवकर पात्या (फुलांच्या कळ्या) लागतात आणि पहिल्या पतंगांची सोय होते. लागवड जूनमध्ये करावी. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावावेत. सलग ३ रात्री सापळ्यात रोज सरासरी ८ पतंग आले, किंवा १० टक्के फुले डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुले) झाली, तर फवारणीची वेळ आली. बोंड बाहेरून पाहून निर्णय घेऊ नये, अळी शिरल्याचे छिद्र बुजते. एकरी २० हिरवी बोंडे चिरून पाहावीत. २ बोंडांत अळी दिसली तरी पातळी ओलांडली. सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड गटाचे कीटकनाशक मारले, तर मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते.