वाळवंटात स्वेटर कशाला?
"वाळवंटात चाललायस, मग स्वेटर कशाला?" हा सल्ला अजून फिरतोय. जॉर्डनच्या वादी रम या वाळवंटी दरीत डिसेंबर-जानेवारीत तो चांगलाच महागात पडतो. दरीचा तळच समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास. हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा तापलेली वाळू सूर्य मावळताच भराभर निवते आणि पहाटे पारा शून्याजवळ येतो.

बेदुइनांचा, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांचा, शेळीच्या केसांचा काळा तंबू वारा अडवतो, जमिनीचा गारठा नाही. चूक होते ती इथेच: अंगावर तीन ब्लँकेटं, खाली नुसती सतरंजी. त्यातलं एक खाली अंथरा. घामानं ओला सुती बनियन झोपण्याआधी बदला. मोबाइल पांघरुणात घ्या; थंडीत बॅटरी लवकर उतरते. शेकोटीवरचा गोड चहा झकासच, पण त्याची ऊब तासभरही टिकत नाही.