जठरातील जिवाणूसंसर्ग आणि रक्तक्षय

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठराच्या अस्तरात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. त्यामुळे काही जणांच्या शरीरातील लोह, आणि कधी बी-१२ जीवनसत्त्वही, कमी होऊन रक्तक्षय होतो. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन जागचे हलत नाही, अशा रुग्णांत या कारणाचा विचार प्रामुख्याने केला जातो. मात्र हा संसर्ग असलेल्या बहुसंख्य माणसांना ना रक्तक्षय होतो, ना पोटाची तक्रार असते.

हा मळसूत्री जिवाणू युरिएज नावाचे विकर भरपूर बनवतो. त्याच्या साहाय्याने युरियापासून अमोनिया तयार होतो, भोवतालचे आम्ल निष्प्रभ होते आणि इतर जंतू जिथे तग धरत नाहीत तिथे हा टिकतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. तोवर अल्सरचे खापर ताणतणाव आणि तिखट खाण्यावर फुटत असे. मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जठराच्या कर्करोगाशी असलेल्या संबंधामुळे १९९४ मध्ये या जिवाणूची नोंद मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे निश्चित कारण ठरलेल्यांच्या, गटात झाली.

लोह कमी होण्याची सर्वांत उघड वाट रक्तस्रावाची. जठरदाहातून किंवा अल्सरमधून रोज थोडे रक्त झिरपत राहते, आणि ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. पण अल्सर नसलेल्या रुग्णांतही लोह घटते, आणि तिथे प्रश्न शोषणाचा असतो. डाळी, पालेभाज्या आणि धान्यांतले लोह बहुतांशी फेरिक स्वरूपात असते. ते विरघळायला जठरातले आम्ल लागते आणि फेरस स्वरूपात यायला क जीवनसत्त्वाचा हातभार लागतो. त्यानंतरच लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ते शोषले जाते. दाह जठराच्या मुख्य भागात पसरला, की आम्ल बनवणाऱ्या पेशी मंदावतात आणि जठररसातले क जीवनसत्त्वही घटते. याउलट दाह जठराच्या खालच्या टोकापुरता राहिला तर आम्ल उलट वाढते आणि लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होतो. म्हणजे एकाच जिवाणूमुळे एकाचे लोह रक्तावाटे जाते, तर दुसऱ्याच्या शरीरात ते शिरतच नाही. याशिवाय दाहामुळे यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त स्रवून आतड्यातले लोह रक्तात येण्याची वाट अडवू शकते. जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी लोह वापरतो हेही खरे, पण तेवढ्याने माणसाला रक्तक्षय होत असेल हे पटणे कठीण आहे.

इंदूरमध्ये पोटाच्या तक्रारीचा दोष हमखास सेव-मिरचीवर जातो. रामबागेतल्या जुन्या मराठी वाड्यातली आजी असो, की रात्री सराफ्यात उभ्याने खाणारा तिचा नातू, जळजळीचे निदान दोघेही सारखेच करतात. तिखटाने जळजळ वाढू शकते, पण जिवाणू तिखटातून येत नाही. तो बहुधा लहानपणी, घरातल्या घरात, लाळ, उलटी किंवा अस्वच्छ हातांमार्फत एकाकडून दुसऱ्याकडे जातो. दूषित पाणी हाही एक मार्ग मानला जातो. खरे नुकसान पुढच्या सवयीने होते. रोज उपाशीपोटी 'गॅसची गोळी' घेण्याचा परिपाठ महिनोन् महिने चालला, की आम्ल आणखी कमी होऊन लोहाचे शोषण घटते, आणि संसर्ग असूनही तपासणीत तो दिसेनासा होऊ शकतो. पोह्यांवर लिंबू पिळण्याची इंदुरी पद्धत लोहाच्या दृष्टीने उत्तम. लगेच वर घेतलेला चहा मात्र तिचा फायदा बराचसा घालवतो, कारण चहातली टॅनिने लोहाला धरून ठेवतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मध्य प्रदेशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५५ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पायलोरीचा संसर्गही भारतात सर्रास आढळतो. दोन्ही गोष्टी इतक्या सामान्य असल्यावर एकाच व्यक्तीत त्या योगायोगानेही भेटणारच, आणि या विषयातला सारा वाद इथेच आहे. इटलीत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटाची तक्रार नसलेल्या, पण लोहाच्या गोळ्यांवाचून ज्यांचे भागत नव्हते अशा ३० रुग्णांचा संसर्ग घालवण्यात आला. लोह बंद करूनही बहुतेकांचा रक्तक्षय वर्षभरात बरा झाला. निष्कर्ष लक्षवेधी होता, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे बांगलादेशातील लहान मुलांवरच्या नियंत्रित चाचणीत (२००८) लोहाच्या उपचाराला येणाऱ्या अपयशाचे कारण हा संसर्ग नाही असे दिसले, तर अलास्कातील मुलांमध्येही जिवाणूविरोधी उपचारांनी १४ महिन्यांत लोहाची कमतरता भरून निघाली नाही. प्रौढांवरच्या चाचण्या एकत्र पाहता, नुसत्या लोहापेक्षा लोह आणि जिवाणूविरोधी उपचार मिळून हिमोग्लोबिन अधिक वाढते, विशेषतः रक्तक्षय मध्यम किंवा तीव्र असेल तेव्हा. म्हणून कारण न सापडलेल्या लोहन्यूनतेत या संसर्गाची तपासणी करावी, असे युरोपातील मास्ट्रिख्ट मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. रक्तक्षय दिसला की थेट पायलोरीचा कोर्स, असा त्याचा अर्थ नाही.

त्याआधी पाहण्यासारखे पुष्कळ असते. गोळ्या खरोखर पोटात जातात का, हा पहिला प्रश्न. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लाल गोळ्या मळमळीमुळे फडताळातच राहणे ही अगदी नेहमीची गोष्ट. मग पाळीत जास्त जाणारे रक्त, मूळव्याध, अंकुशकृमी आणि आहार. माळव्याचे जेवण गव्हावर चालते, त्यामुळे गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिअॅक आजारही विसरून चालत नाही. त्यातही गोळ्या लागू पडत नाहीत. फेरिटिन (शरीरातील लोहसाठ्याचे माप) भरपूर असूनही तांबड्या पेशी लहान असतील तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी करतात, कारण तिथे लोह देऊन उपयोग नसतो. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत लोह कमी आढळल्यास जठर व मोठे आतडे दुर्बिणीने पाहतात. पायलोरी सापडला म्हणून कर्करोगाची शंका आपोआप मिटत नाही.

संसर्ग ओळखण्यासाठी युरियाची श्वासचाचणी, शौचातील प्रतिजनाची (जिवाणूच्या अंशाची) चाचणी किंवा दुर्बिणीतून घेतलेला अस्तराचा तुकडा वापरतात. त्याआधी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या २ आठवडे आणि प्रतिजैविके ४ आठवडे बंद असावी लागतात. रक्तातील प्रतिपिंडे संसर्ग गेल्यावरही दीर्घकाळ राहतात, म्हणून तो अहवाल एकटा पुरेसा नाही. उपचार साधारण १४ दिवसांचा: आम्लरोधक गोळी आणि दोन प्रतिजैविके, किंवा जोडीला बिस्मथ हे औषध. क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू भारतात बरेच आहेत, आणि अर्धवट सोडलेले कोर्स त्यात भर घालतात. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिले असेल तर लोहाची गोळी त्यापासून काही तासांच्या अंतराने घ्यावी लागते. बिस्मथ आणि लोह दोन्हींमुळे शौचाला काळे होते. पण ते डांबरासारखे चिकट व दुर्गंधीयुक्त असेल तर तो रक्तस्राव असू शकतो. कोर्सनंतर किमान ४ आठवड्यांनी फेरतपासणी होते. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातला साठा भरण्यासाठी लोह सुमारे ३ महिने चालू ठेवतात.

बी-१२ चा धागा निराळा आहे. अन्नातील प्रथिनांपासून हे जीवनसत्त्व सुटे होण्यास आम्ल व पेप्सिन हे पाचक विकर लागतात, आणि जुनाट दाहाने अस्तर झिजले की दोन्ही अपुरे पडतात. पिढीजात शाकाहारी घरांत बी-१२ दूधदुभत्यातूनच काय ते मिळते, त्यामुळे आधीच काठावर असलेला साठा लवकर संपतो. लोहाच्या अभावी तांबड्या पेशी लहान होतात, बी-१२ च्या अभावी मोठ्या. दोन्ही एकदम कमी असले, तर अहवालात पेशींचे सरासरी आकारमान बिनदिक्कत 'नॉर्मल' छापून येते, आणि दमलेल्या बाईला काही झालेले नाही असे सांगितले जाते.