पेन्सिलीने पाहणे : निसर्गात कला आणि विज्ञान एकत्र शिकताना

कोळ्याचे जाळे काढायला सांगितले, तर लहानमोठे बहुतेक सगळे एकच चित्र काढतात : एका बिंदूतून चहूकडे गेलेल्या रेषा आणि त्यांना छेदणारी, एकात एक बसवलेली वर्तुळे. हेच काम झुडपातल्या खऱ्या जाळ्यासमोर बसून सावकाश केले, की चित्र जमेनासे होते आणि शिकणे तिथूनच सुरू होते. वर्तुळे समजून जी काढायला घेतलेली असतात, ती वर्तुळे नसतातच. एकच धागा सर्पिल वळणे घेत बाहेरून आत आलेला असतो आणि खालच्या भागात तो मधूनच मागे वळून आल्या दिशेने परत गेलेला असतो. जाळ्याचे केंद्र बहुधा बरोबर मध्यावर नसून थोडे वर सरकलेले असते, खालचा भाग वरच्यापेक्षा मोठा असतो आणि कोळी केंद्रापाशी डोके खाली करून बसलेला असतो. या तिन्ही गोष्टी कागदावर शेजारी शेजारी आल्या, की त्यांचा संबंध काय असावा हा प्रश्न आपोआप पडतो. कोळ्याला वर चढण्यापेक्षा खाली धावणे सोपे जाते, त्यामुळे खालच्या बाजूला अडकलेल्या भक्ष्यापर्यंत तो लवकर पोहोचतो आणि त्या बाजूला अधिक धागा खर्च करणे त्याला परवडते. गवताची काडी हलकेच टेकवून पाहिली, तर केंद्रातून बाहेर गेलेले धागे कोरडे आणि सर्पिल धागा तेवढा चिकट असल्याचेही कळते.

निसर्गात कला आणि विज्ञान एकत्र शिकवण्याचे उपक्रम पुष्कळ होतात, पण त्यांत विज्ञानाचा भाग आटोपल्यावर विरंगुळा म्हणून चित्र काढायला लावण्याची पद्धत फार आहे. वाळलेली पाने कागदावर चिकटवून पक्षी तयार केला जातो. पक्षी देखणा होतो, मात्र त्या पानांकडे कोणी पाहिलेले नसते. चित्र काढण्याचा विज्ञानाला होणारा खरा उपयोग याहून वेगळा आणि बराच कठोर आहे. आपण एखादी गोष्ट पाहिली असे आपल्याला वाटते, त्या वाटण्याची परीक्षा रेघ ओढताना होते. पाय शरीराच्या कोणत्या भागातून निघतात हे ठाऊक नसले, तरी मुंगीचे वर्णन शब्दांत करता येते. पण पेन्सिल कुठेतरी टेकवावीच लागते. सहाही पाय मधल्या वक्षभागातून निघतात हे त्या क्षणी पुन्हा वाकून पाहिल्याशिवाय चित्र पुढे सरकत नाही.

डोळ्यांसमोर असलेली वस्तू न पाहता डोक्यातली वस्तू काढण्याची ही सवय लहानपणापासूनची आहे. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज ल्युके यांनी 1920 च्या दशकात मुलांच्या चित्रांविषयी लिहिताना असे मांडले, की लहान मूल दिसते ते काढत नाही, ठाऊक असते ते काढते. पुढे 1972 मध्ये फ्रीमन आणि जॅनिकून या संशोधकांनी मुलांसमोर कान पलीकडे वळवलेला एक कप ठेवला. लहान मुलांनी न दिसणारा कानही चित्रात काढला, कारण कपाला कान असतो हे त्यांना माहीत होते. साधारण आठ वर्षांपुढची मुले तो वगळू लागली. मोठ्यांची यातून सुटका झालेली असते असे मात्र समजू नये. डोंगरावर झाडी आहे म्हणून दूरचा डोंगरही हिरवा रंगवणारा प्रौढ माणूस त्या मुलांचेच काम करत असतो. कागदाला छोटे भोक पाडून त्यातून तोच डोंगर पाहिला, तर त्याला निळसर करडा रंग दिसतो. अंतराबरोबर वाढत जाणारा हा निळेपणा लिओनार्दो दा विंची याने चित्रकारांसाठी टिपून ठेवला होता. हवेतील सूक्ष्म कण निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा कितीतरी अधिक विखुरतात, हे त्याचे भौतिकी स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये दिले. एकाच डोंगराकडे पाहून चित्रकाराने रंग कसा मिसळायचा ते ठरवले आणि शास्त्रज्ञाने कारण शोधले, पण दोघांनाही आधी तो निळा दिसावा लागला.

डोळ्यांचे हे शिक्षण विज्ञानाच्या इतिहासात किती निर्णायक ठरू शकते, याचे सर्वांत चांगले उदाहरण चंद्राचे आहे. 1609 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील टॉमस हॅरियट यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. गॅलिलिओच्या चित्रांच्या काही महिने आधीचे हे चित्र आहे. हॅरियट उत्तम गणिती होते, तरीही त्यांच्या चित्रात प्रकाश आणि अंधार यांमधली एक खडबडीत रेषा, म्हणजे प्रकाशरेषा, आणि काही काळपट डाग यांपलीकडे विशेष काही नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने चंद्र पाहिला आणि त्याला डोंगर व दऱ्या दिसल्या. त्याची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती हे खरे, आणि ते विसरून सगळे श्रेय चित्रकलेला देणे बरोबर होणार नाही. पण गॅलिलिओने यथार्थदर्शन (सपाट कागदावर खोली आणि अंतर दाखवण्याचे तंत्र) आणि छायाप्रकाश यांचे शिक्षण घेतले होते. उंचवट्याची सावली कोणत्या बाजूला पडते, खळग्याची कोणत्या बाजूला, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. अंधाऱ्या भागात सुटे चमकणारे ठिपके सूर्यप्रकाशात न्हालेल्या शिखरांचे आहेत हे त्याने ओळखले आणि प्रकाशरेषेपासूनच्या त्यांच्या अंतरावरून शिखरांच्या उंचीचा हिशेबही मांडला. 1610 मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर हॅरियट यांच्या चित्रांतही विवरे दिसू लागली. हा धडा आजही साध्या डोळ्यांनी गिरवता येतो : अष्टमीपासून पौर्णिमेच्या आधीपर्यंत चंद्रातील प्रकाशरेषेच्या जागा सलग काही संध्याकाळी नोंदवल्या, तर चंद्रकलांचे कारण पाठ करावे लागत नाही.

मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीचे काम याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. 1647 मध्ये जन्मलेल्या मेरियन तेराव्या वर्षापासून रेशमाचे किडे पाळून त्यांची चित्रे काढत होत्या. किडे चिखलातून किंवा कुजक्या पदार्थांतून आपोआप निपजतात, असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. मेरियन यांनी अंडे, सुरवंट, कोष आणि फुलपाखरू एकाच पानावर काढले, आणि तेही तो सुरवंट ज्या झाडावर जगतो त्या झाडासह. कीटक आणि त्याची वनस्पती यांना एकत्र दाखवणारी ही मांडणी पाहायला सुंदर होतीच, शिवाय तिच्यात एक शास्त्रीय विधान होते, जे कीटक टाचणीला टोचून संग्रह करणाऱ्यांना करता आले नव्हते. 1699 मध्ये, बावन्नाव्या वर्षी, त्या धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेल्या आणि तिथल्या कीटकांवरचा त्यांचा ग्रंथ 1705 मध्ये प्रसिद्ध झाला.

हल्ली असे विचारले जाते, की फोनमध्ये कॅमेरा असताना एवढा खटाटोप कशाला? नोंद म्हणून छायाचित्र निःसंशय उपयोगी आहे. शिकण्याच्या दृष्टीने मात्र त्याला मर्यादा आहेत. लिंडा हेंकेल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संग्रहालयातील ज्या वस्तूंचे छायाचित्र घेतले त्या वस्तू लोकांना, नुसत्याच पाहिलेल्या वस्तूंच्या तुलनेत, कमी आठवल्या. वस्तूच्या एखाद्या विशिष्ट भागाचे जवळून छायाचित्र घ्यायला सांगितले तेव्हा ही घट दिसली नाही, म्हणजे दोष यंत्राचा कमी आणि लक्ष यंत्रावर सोपवण्याचा अधिक. उलट, कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले, की यादीतील शब्द लिहून काढण्यापेक्षा त्यांची चित्रे काढली तर ते अधिक लक्षात राहतात. चित्रासाठी अवघे चार सेकंद दिले तरी हा लाभ टिकला, आणि पुढच्या अभ्यासात वयस्कर व्यक्तींमध्येही तो आढळला. चार सेकंदांत काढलेले चित्र कसे असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. मला चित्र काढता येत नाही, ही सबब त्यामुळे इथे फारशी टिकत नाही.

ही सबब साधारण नवव्या-दहाव्या वर्षापासून ऐकू येऊ लागते. त्याआधी मूल बिनधास्त काढते. त्यानंतर आपले चित्र खऱ्यासारखे नाही हे त्याला कळू लागते आणि बरेच जण त्याच वयात हात आखडतात तो कायमचा. म्हणून सर्व वयांच्या गटात पहिले काम असे द्यावे, की ज्यात चांगले चित्र निघणे कोणालाच शक्य नाही. कागदाकडे न बघता, नजर पानाच्या कडेवरून मुंगीच्या गतीने फिरवत एकाच रेषेत पान काढायचे. सगळ्यांचीच पाने वेडीवाकडी होतात, आजोबांचे आणि नातीचे चित्र एकाच पातळीवर येते, आणि कडेला दाते किती बारीक आहेत हे मात्र सगळ्यांनी पाहिलेले असते.

निरनिराळ्या वयांचे लोक एकत्र असण्याचा खरा फायदा पुढे, ध्वनिनकाशा काढताना कळतो. कागदाच्या मध्यभागी स्वतःची जागा दाखवणारी फुली करायची, दहा मिनिटे गप्प बसायचे आणि ऐकू येणारा प्रत्येक आवाज आपल्याला सुचेल त्या खुणेने योग्य दिशेला व अंतरावर नोंदवायचा. वाढत्या वयात श्रवणशक्ती उच्च वारंवारतेच्या बाजूने आधी कमी होते, आणि लांब मिशांच्या कित्येक नाकतोड्यांचे आवाज 10,000 हर्ट्झच्याही वर असतात. परिणामी मुलांच्या नकाशात जिथे कीटकांची गर्दी असते, तिथे ज्येष्ठांचा कागद कोरा राहतो. उलट, पक्ष्यांचे आवाज एकमेकांपासून वेगळे ओळखण्यात सरावलेला कान मुलांच्या पुढे असतो. दोन्ही नकाशे शेजारी ठेवल्यावर कोणाचा बरोबर हा वाद घालण्यात अर्थ राहत नाही. मोजमाप हे मोजणाऱ्या साधनावरही अवलंबून असते, ही मोठ्या प्रयोगशाळांतली गोष्ट तिथेच समोर येते.

संध्याकाळचा एक प्रयोगही असाच सर्वांना जमणारा आहे. सूर्यास्ताच्या सुमारास लाल फूल आणि त्याची हिरवी पाने यांचे, रंग न वापरता, केवळ पेन्सिलीच्या छटांनी चित्र काढायचे आणि दर दहा मिनिटांनी नवीन चित्र सुरू करायचे. दिवसा जे फूल पानांपेक्षा उजळ किंवा त्यांच्याच तोडीचे वाटत होते, ते अंधार पडताना पानांपेक्षा गडद, जवळजवळ काळे होत जाते. यान पुर्किन्ये यांनी 1825 मध्ये वर्णिलेला हा परिणाम आहे. भरपूर प्रकाशात डोळ्यांतील शंकू पेशी काम करतात, मंद प्रकाशात दंड पेशी. दंड पेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतात आणि लाल प्रकाशाला जवळपास देतच नाहीत. या काळात कोणी विजेरी पेटवली, तर अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला अर्धा तास तरी जातो. गटात एक तरी माणूस ती पेटवतोच.

ज्यांना रेघांपेक्षा आकड्यांची गोडी आहे, त्यांच्यासाठी लिओनार्दोचीच आणखी एक नोंद आहे. झाडाच्या कोणत्याही उंचीवरच्या सर्व फांद्या एकत्र केल्या, तर त्यांची जाडी बुंध्याइतकी भरते, असे त्याने लिहून ठेवले. हे तपासायला दोरी आणि मोजपट्टी पुरते. फांदीचे छेदक्षेत्र घेराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून 50 सेंमी घेराची फांदी दुभंगून 40 आणि 30 सेंमी घेराच्या दोन फांद्या झाल्या असतील, तर 1600 आणि 900 यांची बेरीज बरोबर 2500 येते. खऱ्या झाडांत उत्तर इतके नेमके येत नाही, दुभंगापाशी फुगवटा असतो म्हणून तिथे मोजूही नये. पण पुष्कळ झाडांत ते जवळपास येते. पाण्याच्या नळ्या जितक्या खाली तितक्याच वर, असे याचे कारण बरीच वर्षे सांगितले जाई. 2011 मध्ये ख्रिस्तोफ एलॉय यांनी, वाऱ्याच्या जोरापुढे फांद्या मोडू नयेत यासाठी अशी रचना सोयीची ठरते, असे गणिताने दाखवले. वारा सतत वाहतो तिथे आणि आडोशाला वाढलेल्या झाडांत फरक पडतो का, हे मोजून पाहायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

चित्रकला विज्ञानाला फसवूही शकते, हे शिकवणाऱ्याने लपवू नये. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांचा हात अप्रतिम होता, पण निरनिराळ्या प्राण्यांच्या भ्रूणांची जी चित्रे त्यांनी 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध केली, त्यांत साम्य प्रत्यक्षापेक्षा अधिक दाखवले असल्याचा आक्षेप त्यांच्या समकालीनांनीच घेतला. मनात ठरलेला नियम हाताला सममिती आणि सारखेपणा यांच्याकडे ओढत नेतो. त्यावर उपाय रुक्ष आहेत : तारीख, वेळ, हवामान आणि चित्राचे प्रमाण प्रत्येक पानावर लिहिणे, दिसलेले सलग रेषेने आणि अंदाजाने भरलेले तुटक रेषेने काढणे, आणि चुकलेली रेघ न खोडता शेजारी दुसरी काढणे. खोडरबर घरी ठेवलेले बरे.

नावे सांगण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. वनस्पतीचे किंवा कीटकाचे नाव उच्चारले, की बहुतेकांना काम संपल्यासारखे वाटते आणि वही मिटते. चित्र पूर्ण होऊन त्याखाली दोन-तीन प्रश्न लिहून झाल्यावर नाव सांगावे, मग मार्गदर्शिकेतील चित्राशी आपले चित्र ताडून पाहू द्यावे. फरक आढळला तर आपले चित्र दुरुस्त करण्याआधी त्या झाडाकडे पुन्हा जावे, कारण मार्गदर्शिकेत त्या जातीचे नेहमीचे रूप असते आणि समोर एक विशिष्ट झाड असते. पाच पाकळ्यांच्या जातीत अधूनमधून सहा पाकळ्यांचे फूल उमलते, आणि ते त्याच झाडावर इतर किती ठिकाणी सापडते हे मोजणे हा त्या दुपारचा पुढचा भाग असू शकतो.