पार्श्वभूमी-विलगीकरण (प्रतिमांचे)

छायाचित्रातील मुख्य विषय मागील दृश्यापासून सुटा करून पारदर्शक पटावर ठेवण्याची संगणकीय प्रक्रिया. विक्रीच्या वस्तूंची छायाचित्रे, फ्लेक्स-फलक व ॲपची चिन्हे (आयकॉन) यांसाठी ती नित्य वापरली जाते. प्रत्येक चित्रबिंदूत विषयाचा वाटा किती, हे ठरविणे हे तिचे मर्म होय. हा वाटा ‘अल्फा’ नावाच्या ० ते १ या मर्यादेतील संख्येने दर्शवितात.

अल्फा पटाचे (चॅनेल; प्रत्येक चित्रबिंदूचे एकेक मूल्य साठविणारा संच) श्रेय सामान्यतः ॲल्व्ही रे स्मिथ व एड कॅटमल यांना दिले जाते. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, बहुधा १९७७ च्या सुमारास, त्यांनी लाल, हिरवा व निळा या पटांना हा चौथा पट जोडला. ब्रूस वॉलेस यांनी १९८१ मध्ये व्यंगचित्रपटांच्या संदर्भात चित्रे एकमेकांवर ठेवण्याचे तेच सूत्र प्रकाशाच्या परावर्तन-पारगमनाच्या विचारातून स्वतंत्रपणे मांडले. थॉमस पोर्टर व टॉम डफ यांच्या १९८४ च्या निबंधात मात्र अल्फा म्हणजे चित्रबिंदूचा विषयाने व्यापलेला भाग, अशी भौमितिक भूमिका आहे. धुके किंवा काच यांना वॉलेस यांची दृष्टी अधिक लागू पडते. कापलेल्या प्रतिमेच्या कडांचा विचार करताना पोर्टर-डफ यांचा अर्थ अधिक सोयीचा ठरतो. याच निबंधाने रंगाचे मूल्य अल्फाने आधीच गुणून साठविण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकन चित्रपट अकादमीचा १९९६ मधील तांत्रिक पुरस्कार स्मिथ, कॅटमल, पोर्टर व डफ या चौघांना मिळाला. त्यात वॉलेस यांचे नाव नाही.

विलगीकरणाची अडचण गणिती आहे. दिसणाऱ्या रंगाचे तीन घटक ज्ञात असतात. परंतु विषयाचा रंग, पार्श्वभूमीचा रंग व अल्फा मिळून सात अज्ञाते राहतात. पार्श्वभूमीचा रंग ठाऊक असला तरी चार अज्ञाते उरतातच. म्हणून निळ्या पडद्यासारख्या पद्धतींतही विषयाच्या रंगाविषयी काही गृहीत धरावे लागते. एकच वस्तू दोन भिन्न पार्श्वभूमींसमोर टिपल्यास उत्तर निश्चित करता येते, हे स्मिथ व जेम्स ब्लिन यांनी १९९६ मध्ये दाखविले. मात्र हलणाऱ्या विषयाला हा उपाय चालत नाही. रोदर, कोल्मोगोरोव्ह व ब्लेक यांच्या ‘ग्रॅबकट’ (२००४) या पद्धतीत विषयाभोवती चौकट आखली की बहुधा पुरे होते. २०१७ च्या ‘डीप इमेज मॅटिंग’पासून या क्षेत्रात चेतापेशीय जालांचा (न्यूरल नेटवर्क) वापर वाढला. ‘रिमूव्ह.बीजी’ ही सेवा २०१८ मध्ये सुरू झाली, तर ‘यू-स्क्वेअर-नेट’ हे २०२० मधील जाल खुल्या साधनांत वापरले जाते.

पांढऱ्या भिंतीसमोर टिपलेल्या चेहऱ्याचा विलग केलेला भाग गडद निळ्या चौकोनावर ठेवला, तर काळ्या केसांच्या टोकांशी करडी-पांढुरकी किनार उमटते. अल्फाचा अंदाज बरोबर असूनही त्या चित्रबिंदूंत भिंतीचा रंग मिसळलेला राहिल्याचा हा परिणाम असतो. त्यासाठी विषयाचा मूळ रंगही वेगळा काढावा लागतो. १९९६ मध्ये प्रमाणित झालेले ‘पीएनजी’ स्वरूप गुणाकार न केलेला रंग साठविते. त्यामुळे चित्र लहान करताना पूर्ण पारदर्शक बिंदूंतील दडलेला रंगही सरासरीत शिरून किनार पुन्हा उमटू शकते. आधी अल्फाने गुणून मग आकार घटविणे हा त्यावरील रीतसर उपाय असून चिन्हे बनविणाऱ्या सर्वच साधनांत तो पाळला जातो असे नाही. ‘जेपीईजी’ स्वरूपात पारदर्शकता मुळातच साठविता येत नाही.

चिन्हांचे नियम मंचागणिक भिन्न आहेत. ॲपलच्या ॲप स्टोअरसाठी १०२४ × १०२४ बिंदूंचे चिन्ह लागते व कोपऱ्यांची गोलाई प्रणाली स्वतः देते; म्हणून ती आधीच कापून पाठविणे अयोग्य मानतात. गूगल प्लेसाठी ५१२ × ५१२ बिंदू लागतात. अँड्रॉइड ८ (२०१७) पासूनच्या अनुकूलनक्षम चिन्हांत विषय व पार्श्वभूमी असे दोन थर वेगळे दिले जातात. प्रत्येक थर १०८ × १०८ एककांचा (डीपी; पडद्याच्या बिंदुघनतेवर न अवलंबणारे माप) असतो. पैकी मधला ७२ × ७२ भाग दिसू शकतो आणि ६६ एकके व्यासाचे वर्तुळ कापले न जाण्याची हमी असते.